गारवा आधी कागदाला, मग माणसाला

१/ वातानुकूलन ही श्रीमंतांच्या चैनीतून जन्मलेली वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळाच आहे. #थ्रेड

२/ फ्लोरिडातील अपालाचिकोला बंदरात डॉ. जॉन गोरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या छताला टांगलेल्या बर्फाने गार ठेवीत. बर्फ उत्तरेकडून जहाजाने येई. म्हणून त्यांनी बर्फ करणारे यंत्रच घडविले. १८५१ मध्ये पेटंट मिळाले, भांडवल मात्र मिळाले नाही. १८५५ मध्ये ते निवर्तले.

३/ १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद प्रसरण पावे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. तरुण अभियंते विलिस कॅरियर यांनी थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील आर्द्रता आटोक्यात आणली. या यंत्रणेला मात्र गिऱ्हाईक तयार होते.

४/ रुग्णाला जे नाकारले गेले, ते कागदाला लाभले.

५/ तोच क्रम आजही चालू आहे. सराफी पेढी गार, सरकारी रुग्णालयाचा सामान्य कक्ष तापलेला. वातानुकूलनाला चैन म्हणून नाके मुरडण्यापेक्षा हा क्रम उलटा करावा. उष्म्याच्या लाटेत पहिला हक्क रुग्णाचा.