रेघ वर चढली म्हणून भाव वाढला काय?



कापसाच्या भावावरची एक सभा आम्हाला अजून आठवते. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला होता. लांब धाग्याच्या कापसाच्या आधारभूत किमतीची रेघ, २०१२-१३ पासून २०१७-१८ पर्यंत. रेघ अशी उभी चढलेली की जणू घाटाचा रस्ता. साहेब म्हणाले, "बघा, दरवर्षी वाढ!" सभा गप्प. घरचा जमाखर्च मांडला की शेवटी वजाबाकीच उरते हे ज्याला त्याला ठाऊक होते; पण भिंतीवरच्या रेघेला काय उत्तर द्यावे हे कोणालाच सुचेना. आमच्यात चार शिकलेले होते, तेही गप्प.

उत्तर त्या तक्त्यावरच होते. उभ्या अक्षावरचे आकडे शून्यापासून नव्हे, ३,८०० पासून सुरू होत होते. भाव २०१२-१३ ला क्विंटलमागे ३,९०० रुपये आणि २०१७-१८ ला ४,३२० रुपये. पाच वर्षांत वाढ ४२० रुपयांची, म्हणजे शेकडा अकराच्याही आत. पण अक्ष ३,८०० ला कापला की पहिला ठिपका तळापासून १०० वर बसतो आणि शेवटचा ५२० वर. डोळ्याला पाचपट चढ दिसतो. तोच आलेख शून्यापासून काढला असता तर रेघ जवळजवळ आडवी पडली असती. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. आम्हाला रेघ वाचता येत नव्हती, एवढेच.

आम्हाला जे आले नाही ते निदान आमच्या पोरापोरींना यावे, आणि सहावी ते आठवीतच यावे, एवढे आम्हाला मांडायचे आहे.

शाळेत आलेख नाही असे नाही. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित स्तंभालेख आहे. पोरे पट्टी धरून खांब उभे करतात, प्रमाण लिहितात, रंग भरतात आणि गुण मिळवतात. काढायला शिकवणे वाईट नाही. पण दिलेली रेघ काय सांगते, काय सांगत नाही आणि ती कोणी कशासाठी काढली, हे विचारायला कोण शिकवतो? एक गोष्ट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी कशी बदलते, हे रेघ दाखवते. गणितात त्या दुसरीला पहिलीचे फल म्हणतात. शब्द पुस्तकी आहे, गोष्ट मात्र रोजच्या वहिवाटीतली. वेचलेला कापूस किती किलो, यावर मजुरी ठरते. मजुरी हे वजनाचे फल. किलोचा दर वाढला की रेघ जास्त उभी होते. सरकीसकट कापूस वेचणाऱ्या आईच्या पोरीला हे समजायला अवघड का जावे?

अवघड जाते ते दुसऱ्याच कारणाने. पोरे आलेखाला चित्र समजतात. बैलगाडी सकाळी कापूस घेऊन गावातून निघाली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर गावापासूनचे अंतर. रेघ चढते, मग बराच वेळ आडवी जाते, मग खाली येते. पोराला विचारा. तो सांगेल, "गाडी टेकडी चढली, माळावरून गेली आणि उतरली." खरी गोष्ट अशी, की गाडी जिनावर पोचली, काट्यासाठी रांगेत उभी राहिली आणि संध्याकाळी परत आली. आडवी रेघ म्हणजे सपाट रस्ता नव्हे. वेळ जातो आहे आणि गाडी हलत नाही. १९७२ ला सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात ज्यांनी रांगेत रात्री काढल्या, त्यांना ही आडवी रेघ कोणी समजावून सांगायला नको. पोरांची ही चूक जगभरची आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने १९८५ साली 'द लँग्वेज ऑफ फंक्शन्स अँड ग्राफ्स' हे शिक्षकांसाठीचे साहित्य काढले, त्यात या गोंधळावर मुलांशी बोलून काम करायला सांगितले आहे. आधी मुलाकडून रेघेची गोष्ट वदवून घ्यायची, मग ती तपासायची.

आता पावसाचे घ्या. १ जूनपासून पडलेला पाऊस रोज बेरजेत धरत जायचा आणि रेघ काढायची. समजा दोन गावांत सप्टेंबरअखेर सारखाच ७०० मिलिमीटर पाऊस झाला. एका गावची रेघ पायरीपायरीने चढली. दुसऱ्या गावची जुलैत एकदम उभी गेली, ऑगस्टात तीन आठवडे आडवी पडली आणि सप्टेंबरात पुन्हा उभी झाली. दुसऱ्या गावात कपाशीची पाती गळाली आणि कणसातली ज्वारी काळी पडली. कागदावर दोन्ही गावांची सरासरी सारखी! २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या साली पीक विम्याचे सगळे भांडण २१ दिवसांच्या खंडावर आले होते. तो खंड बेरजेच्या आकड्यात दिसत नाही. दिसतो आडव्या रेघेत.

आणि रेघ एकटी वाचायची नसते. १८२१ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने शेतीच्या दुरवस्थेवरच्या पुस्तिकेत गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी अडीचशे वर्षांसाठी एकाच तक्त्यावर मांडली. गव्हाचे खांब इतके उंच, की पाहणाऱ्याला गहू महाग झाला असे वाटावे. मजुरीने भागून पाहिले तर गहू उलट स्वस्त झालेला. त्याला सांगायचे होते तेही हेच. पण भागाकाराची रेघ त्याने काढलीच नाही. आमच्या भावाच्या रेघेशेजारीही वेचणीच्या मजुरीची, खताची रेघ लागते. ती तक्त्यावर नसेल तर पोराने विचारले पाहिजे, "दुसरी रेघ कुठे आहे?"

गुरुजी म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही. याला नवे पुस्तक लागत नाही. महसूल मंडळाची पावसाची नोंद, घरातल्या काट्याच्या पावत्या, मजुरीची वही, फळा आणि खडू पुरे. आठवड्यातून एक तास. काही शेतकरी म्हणतील, वखर हाणायला आलेख कशाला? वखराला नकोच. पण कापूस विकताना लागतो, विम्याचा अर्ज भरताना लागतो, सभेत उभे राहताना लागतो.

आणखी एक. रेघ वाचायला शिकलेले पोर आमचे तक्तेही तपासणार. तपासू दे. २०१८-१९ ला तोच भाव एकदम ५,४५० झाला. ती उडी शून्यापासून काढली तरी दिसते, आणि ती दिसते हे कबूल केले पाहिजे. सोयीची रेघ तेवढी दाखवायची असेल तर त्या साहेबांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

पुढच्या बैठकीला येताना आठवीतल्या पोराला, पोरीला सोबत आणा. तक्ता आम्ही लावू. बोट आधी त्यांनी ठेवावे, अक्ष जिथून सुरू होतो तिथे.