समजून घ्या | मोकाट कुत्र्यांची गाडी घेताना पिंजरा किती मोठा ते विचारू नका, खण किती ते विचारा

मोकाट कुत्र्यांच्या तक्रारी वाढल्या की गावोगावी एकच मागणी पुढे येते: एक गाडी घ्या आणि सगळी उचला. गाडी म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो एक जुना टेम्पो, मागे जाळीचा एकच मोठा पिंजरा आणि त्यात कोंबलेली पंधरा-वीस कुत्री. सुप्रीम कोर्टाच्या २०२५ मधल्या आदेशांनंतर या मागणीला आणखी जोर आला आहे. पण लोणारसारख्या छोट्या शहरासाठी असा टेम्पो म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली नवी डोकेदुखी ठरेल. कायद्याला नुसती पकडलेली कुत्री नको आहेत. त्यातली बहुतेक कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची आहेत. ते जमेल की नाही, याचा निकाल दवाखान्याच्या आधी गाडीतच लागतो.

कोर्ट नेमकं काय म्हणालं?

११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली मोकाट कुत्री निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लस झाली की कुत्रं त्याच्याच भागात सोडायचं, असं ठरलं. अपवाद रेबीज झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. त्याच वेळी प्रकरणाची व्याप्ती सगळ्या राज्यांपर्यंत गेली. पुढे ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री हलवून निवारागृहात ठेवायची, पुन्हा त्याच आवारात सोडायची नाहीत.

म्हणजे आता एकाच गाडीत तीन प्रकारची कुत्री येणार. गल्लीत परत जाणारी, बसस्थानकातून उचललेली आणि परत न जाणारी, आणि ज्यांच्याबद्दल संशय आहे अशी. तिन्ही एका पिंजऱ्यात टाकली की खेळ तिथेच संपला. गावठी कुत्री दिसायला सारखीच. तांबूस, कान उभे, शेपूट वळलेली. चार दिवसांनी त्यातलं कोणतं बसस्थानकाचं आणि कोणतं बाजारातलं, हे सांगणार कोण?

हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना आधीच सुचला होता. श्वान जन्मनियंत्रणाच्या २००१ च्या नियमांत दोन वेगवेगळ्या भागांतली कुत्री एकाच कोंडवाड्यात मिसळू नयेत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्येक गाडीला चढ-उतारासाठी रॅम्प, एक चालक आणि दोन प्रशिक्षित पकडणारे, हेही त्यातच होतं. मार्च २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी गाभा तोच राहिला: उचलल्याची नोंद ठेवा, त्याच जागी सोडा. गाडी कशी बांधायची याचं उत्तर खरं तर या एका वाक्यात आहे.

वजनाचा हिशेब फसवा आहे

गाडी निवडताना पहिली चूक होते ती भारक्षमता बघण्याची. छोटा हाथी पाऊण टनाच्या आसपास माल ओढतो. गावठी कुत्रं १५ ते २० किलोचं. या हिशेबाने एका खेपेत पस्तीस कुत्री नेता येतील, असं कागदावर सहज सिद्ध करता येतं. कोथिंबिरीच्या जुड्या असत्या तर ते खरंही ठरलं असतं.

खरी मर्यादा जागेची असते. छोट्या हाथीचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांच्या थोडा आत रुंद. प्रौढ कुत्र्याला उभं राहायला, वळायला आणि आडवं व्हायला साधारण साडेतीन फूट लांब आणि सव्वादोन-अडीच फूट रुंद खण लागतो. हौद्याच्या मधोमध उभी भिंत घातली तर प्रत्येक बाजूला असे दोन खण बसतात. एकूण चार. बोलेरो पिकअपसारखी सुमारे दहा फुटी हौद्याची गाडी घेतली तर सहा. बस्स. वर दुसरा मजला चढवला तर आकडा दुप्पट होतो, पण वरच्याचं मूत खालच्याच्या अंगावर येतं, घाबरलेलं कुत्रं छातीएवढ्या उंचीवर उचलताना चावे होतात आणि वळणावर गाडी जास्त कलते. वरचे खण घ्यायचेच असतील तर ते आईसोबतच्या पिल्लांसाठी, तेही खाली ट्रे घालून.

सहा म्हणजे फार कमी, असं वाटेल. आठवड्यातून चार दिवस एकेक खेप धरली तरी महिन्याला शंभराच्या जवळ आकडा जातो. पावसाळा, सण, सुट्ट्या वजा केल्या तरी वर्षाला हजाराच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत वीस-पंचवीस हजार वस्ती असलेल्या लोणारसाठी हा वेग कमी नाही. तसंही ज्या दिवशी जेवढ्या शस्त्रक्रिया होणार तेवढीच कुत्री पकडायची, ही अट नियमांत पहिल्यापासून आहे. वीस आणून चौदा ताटकळत ठेवण्यात काय अर्थ?

खणांमधली भिंत जाळीची नको, पत्र्याची किंवा प्लायची हवी. शेजारचं कुत्रं दिसलं नाही की अर्धी भांडणं होतच नाहीत. खणाचा दरवाजा बाहेर उघडणारा न ठेवता वर सरकणारा ठेवला तर जाळ्यासकट कुत्रं आत घालून जाळं अलगद ओढून घेता येतं. गळ्यात दोरी बांधून कडीला अडकवायचं तर अजिबात नाही, पहिल्याच ब्रेकला फास बसतो. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही. मेहकर-चिखलीकडचा कोणताही चांगला वेल्डिंगवाला हे करून देईल. फक्त बॉडीत असा बदल करण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते, हे विसरू नये.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियमही इथे कामी येतात. दूध पिणारी पिल्लं आईखेरीज दुसऱ्या मोठ्या कुत्र्यासोबत ठेवायची नाहीत, माजावर असलेली मादी नरांसोबत ठेवायची नाही, चावरं कुत्रं स्वतंत्र पिंजऱ्यात न्यायचं. एकाच मोठ्या पिंजऱ्याच्या गाडीत यातला एकही नियम पाळता येत नाही.

एसी नको, वारा हवा

‘माणसांना वेळेवर रुग्णवाहिका मिळत नाही आणि कुत्र्यांना कसल्या सोयी?’ हा सवाल सभेत हमखास येणार. तो चुकीचाही नाही. पण इथे कोणी एसी मागत नाहीये.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. ते धापा टाकतं, जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि अंग थंड होतं. बंद डब्यात सहा कुत्री धापा टाकू लागली की आतली हवा दमट होते, वाफ उडणं मंदावतं आणि थंड होण्याची यंत्रणाच बंद पडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ४५ अंश होतात. विदर्भाचा एप्रिल-मे त्याहून कडक असतो, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंना वर-खाली झडपा, म्हणजे वारा आरपार जाईल. छताला दुहेरी पत्रा किंवा पांढरा रंग. गाडी उभी असताना चालणारा बॅटरीवरचा पंखा. तळाला रबरी मॅट, कारण उघडा पत्रा तापतोही आणि ओला झाला की घसरतोही. आणखी एक गोष्ट बहुतेक गाड्यांत राहून जाते: मागची बाजू नुसती जाळीची ठेवायची नाही. चालत्या चौकोनी गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. पकडण्याचं काम सकाळी लवकर उरकलं तर निम्मा प्रश्न गाडीला हात न लावताच सुटतो.

लोणारमध्ये चूक महाग का पडेल?

हे शहर विवराच्या काठावर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, आतलं खारं सरोवर आणि भोवतीचं जंगल २००० पासून अभयारण्य आहे, तर २०२० मध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. शहर आणि अभयारण्य यांच्यात बऱ्याच ठिकाणी नुसता उतार आहे. गोमुखाच्या बाजूने पायऱ्या उतरल्या की जंगल सुरू.

कुत्री आपापला इलाखा धरून राहतात. बाजारातलं कुत्रं नोंद चुकल्यामुळे गोमुखाजवळ सोडलं, तर तिथली टोळी त्याला टिकू देत नाही. मग जायला वाट एकच, खाली. खाली मोर आहेत, वानरं आहेत, घोरपडी आहेत. शिकारीचा प्रश्न तर आहेच, पण रोगाचा जास्त मोठा आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची लागण आढळली. हा विषाणू मोकाट कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. आणि एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या कुत्र्यांमध्ये तो एका खेपेत पसरू शकतो.

कायद्यातली एक फट इथे नेमकी आडवी येते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३-अ नुसार अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या पशुधनाचं लसीकरण व्हायला हवं. पण कायद्यातल्या पशुधनाच्या व्याख्येत गाई, म्हशी, शेळ्या, अगदी बदकंही आहेत, कुत्रा नाही. त्यामुळे लोणारच्या कुत्र्यांना लस मिळणार ती नगरपरिषदेच्या गाडीतून गेली तरच.

म्हणून प्रत्येक खणावर लटकणारी पाटी हवी. कुत्रं उचलल्याबरोबर गल्लीचं नाव, वेळ, नर की मादी हे लिहायचं आणि मोबाइलवर लोकेशनसह फोटो काढायचा. क्रमांकाचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात गाडीतच घालायचा, दवाखान्यात पोचल्यावर नव्हे. परत सोडताना तोच फोटो उघडायचा. गाडीवर भोंगाही हवा. ‘तुमच्या भागातली कुत्री लस आणि शस्त्रक्रियेसाठी नेत आहोत, इथेच परत आणून सोडू’ ही घोषणा जुन्या नियमांतही सांगितलेली होती. घंटागाडीचं गाणं ओळखणाऱ्या गावाला ही गाडीही ओळखीची व्हायला वेळ लागणार नाही. नाहीतर होतं काय, अर्धी गल्ली कुत्री लपवते आणि अर्धी गल्ली दुसऱ्या वॉर्डातली कुत्री इथे आणून टाकल्याचा आरोप करते.

परतीच्या प्रवासाचा विचार तर क्वचितच होतो. जाताना धडधाकट असलेलं कुत्रं येताना टाके घेऊन येतं. पिकअपच्या हौद्यावरून त्याला उडी मारायला लावली तर शस्त्रक्रिया वाया. रॅम्प लागतो तो यासाठी.

आधी केंद्र, मग गाडी

लोणारने एकट्याने गाडी घ्यावी का? बहुधा नाही. शस्त्रक्रियेची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी धरली तर लोणार ते बुलढाणा नव्वदेक किलोमीटर. सहा कुत्र्यांसाठी जाऊन-येऊन चार-पाच तास. डिझेल आणि माणसांचा दिवस त्यातच जाईल, आणि परत सोडण्याची खेप वेगळीच. मेहकर पंचवीसेक किलोमीटरवर आहे. लोणार, मेहकर आणि सिंदखेडराजा या नगरपरिषदांनी मिळून एक मान्यताप्राप्त केंद्र आणि दोन गाड्या ठेवल्या, वार वाटून घेतले, तर तिघांनाही परवडेल. यात समन्वयाची कटकट आहे, श्रेय कोणाचं यावरून कुरबुरी होतील. तरी तीन शहरांत तीन टेम्पो घेऊन तिन्ही गंजत उभे राहण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना कुत्रं चावलंय त्यांना ही सगळी चर्चा लांबण वाटू शकते. त्यांचा राग खरा आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. पण त्यावरचा सिद्ध मार्ग एकच आहे, सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस. तिथवर पोचायचं तर गाडीने वर्षानुवर्षं, आठवड्याला चार दिवस, शांतपणे फिरावं लागतं. एका धडाक्यात साठ कुत्री उचलून पुढचे सहा महिने गाडी कार्यालयामागे उभी राहिली तर तो आकडा कधीच गाठला जात नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत गाडीचा विषय आला तर नगरसेवकांनी निविदेतला एक तपशील जरूर वाचावा. तिथे ‘कुत्री वाहून नेण्यासाठी पिंजरा असलेले वाहन’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी खणांची संख्या, भिंतींचा प्रकार, झडपा, रॅम्प, भोंगा आणि रोज धुण्यासाठी पाण्याची टाकी लिहून घ्यावी. चालक आणि पकडणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस कामाला लागण्याआधी मिळेल, हे कलमही त्याच कागदावर हवं.