धमकीला किंमत हवी

मावशीची वेबसाइट मी एका रविवारी बसून बनवली होती. घरगुती मसाले, चटण्या, दिवाळीला फराळ. डोमेन तिच्याच नावाचं. दोन वर्षांनी वकिलाचा मेल आला: हे नाव आमच्या अशिलाच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, सात दिवसांत डोमेन आमच्या नावावर करा, नाहीतर कारवाई. अशील कोण, तर सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी. मावशीने विचारलं, "कोर्टात जावं लागेल का रे?" मला छातीठोकपणे 'नाही' म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नाव सोडून दिलं.

या प्रकरणाची नोंद कुठेही नाही. खटला नाही, निकाल नाही. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डोमेन अडवून बसणाऱ्यांचा मी वकील नाही. 2024च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओहॉटस्टार डॉट कॉम आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं आणि केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा माझी अख्खी फीड त्याच्या बाजूने होती. मी नव्हतो. दोन कंपन्या एकत्र येतील हा अंदाज बांधून नाव घेतलं, हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. स्वप्न चांगलं असलं म्हणून दुसऱ्याच्या नावावर लावलेला डाव चांगला ठरत नाही. आपण अशांना हिरो करतो, आणि मग स्वतःच्या नावाने धंदा करणारी मावशीही त्यांच्याच रांगेत उभी केली जाते.

खरी अडचण रचनेत आहे. एकाच गावात पाटील हार्डवेअर, पाटील क्लासेस आणि पाटील खानावळ सुखाने नांदतात. ट्रेडमार्कच्या कायद्यालाही हे मान्य आहे. त्यात वस्तू आणि सेवांचे 45 वर्ग आहेत, आणि एकच नाव वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळ्या लोकांचं असू शकतं. पण पाटील डॉट कॉम जगात एकच. पुष्कळांचा हक्क असलेली गोष्ट एकालाच मिळणार असेल, तर भांडण अटळ आहे. प्रश्न एवढाच, की भांडणाचा खर्च कोणी सोसायचा?

निसान डॉट कॉमचं उदाहरण घ्या. उझी निसान या माणसाचं आडनावच निसान. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात त्याचा कॉम्प्युटरचा धंदा होता आणि त्याने 1994 मध्ये हे डोमेन घेतलं. 1999 मध्ये निसान मोटरने त्याच्यावर 1 कोटी डॉलरचा दावा ठोकला. आठेक वर्षं खटला चालला. डोमेन त्याच्याकडेच राहिलं, पण जिंकण्यात धंदा आणि पैसा दोन्ही झिजले. 2020 मध्ये तो कोविडने गेला. ज्याचं नाव त्याचंच होतं, त्याला ते राखायला इतकं मोजावं लागलं.

कोर्टाचा हा फेरा टाळावा म्हणून 1999 मध्येच आयकॅनने यूडीआरपी ही लवादाची पद्धत आणली. तक्रारदाराने तीन गोष्टी सिद्ध करायच्या: नाव ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. उत्तराला 20 दिवस. कागदावर पद्धत वाईट नाही. पण तक्रारच खोडसाळ निघाली तर? मग निकालात लिहितात की हे 'रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग' आहे, म्हणजे तक्रारदारच नाव लुबाडायला आला होता. बस्स. दंड शून्य. समोरच्याच्या वकिलाची फीसुद्धा भरून मिळत नाही. आपल्या डॉट इनसाठीच्या आयएनडीआरपीत तर कसोटी आणखी सैल आहे. यूडीआरपीत 'वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं' आहे, इथे 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तक्रार करतानाच तक्रारदाराने अनामत ठेवावी. तक्रार लुबाडणुकीची ठरली, तर ती रक्कम समोरच्याला मिळावी. याने खऱ्या तक्रारी अडतील असं कोणी म्हणेल. अडणार नाहीत, कारण ज्याची बाजू खरी आहे त्याची अनामत परतच येणार आहे. आज बडी कंपनी हरली तरी तिचं जातं काय? एक फी. लहान माणसाचं जातं नाव, झोप आणि गिऱ्हाईक.

हे काही जगावेगळं नाही. आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 142 बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कोर्टात दाद आणि नुकसानभरपाई मागू देतं. कलम 35 स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला संरक्षण देतं. कायद्याला जे सुचलं, ते डोमेनच्या लवादाला का सुचू नये?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. अशी नोटीस आली तर घाबरून डोमेन देऊन टाकू नका, आणि 'किती देता?' असंही लिहू नका. ते एक वाक्य वाईट हेतूचा पुरावा म्हणून तुमच्यावरच उलटू शकतं. नाव कधी घेतलं, पहिलं बिल कधीचं, जुन्या पानांचे स्क्रीनशॉट, सगळं तारखेनिशी जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

ही कलमं मी मावशीचं नाव गेल्यावर वाचली. तिचा फराळ आता व्हॉट्सॲपवर विकला जातो. तिचं डोमेन त्या कंपनीने घेतलं खरं, पण उघडून पाहिलं तर पान कोरं आहे.