एफटेलचा आकडा नीट वाचा

अंबरनाथच्या बुवापाड्याचे नाव चार अक्षरांचे. सी प्रोग्राममधून ते यूटीएफ-८ मध्ये नव्या फाईलीत लिहा आणि फाईलीतली सध्याची जागा सांगणाऱ्या एफटेल या फंक्शनला लगेच विचारा. उत्तर येते २४. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, व्यंजन असो की काना, तिथे ३ बाइट घेते आणि या नावात अशी ८ चिन्हे आहेत. पुढे न्यूलाइन टाकली की लिनक्सवर २५ होतात. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये २६, कारण तिथे ओळ संपवायला दोन बाइट लागतात.

प्रयोगशाळेत अक्षर आणि बाइट यांचा हा घोळ सहसा दिसत नाही, कारण जर्नलमधले प्रॅक्टिकल इंग्रजी मजकुरावर चालते आणि तिथे अक्षर म्हणजे बाइट हे गृहीतक खपून जाते. सीचे प्रमाण मात्र स्पष्ट आहे. बायनरी फाईलीत एफटेल सुरुवातीपासूनचे बाइट सांगते. टेक्स्ट फाईलीत तो आकडा म्हणजे पुस्तकात घातलेली खूण: एफसीकला सीक_सेटसोबत देऊन त्याच जागी परत यावे, एवढाच त्याचा भरवसा. दोन खुणांची वजाबाकी करून किती अक्षरे वाचली हे काढायला जाऊ नये.

दुसरा घोळ आकडा साठवण्याचा. एफटेल लाँग परत करते, आपली मुले तो इंटमध्ये ठेवतात. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, त्यामुळे जागा ३२,७६७ च्या पुढे गेली की उत्तर उणे दिसू लागते. विंडोजवर ६४ बिटांच्या प्रोग्राममध्येही लाँग ३२ बिटांचाच असतो. म्हणजे २ जीबीपुढे तोही अपुरा. मोठ्या फाईलींसाठी लिनक्सवर एफटेलो आहे, आणि १९८९ च्या प्रमाणापासून एफगेटपॉस व एफसेटपॉस ही जोडी आहे. प्रोग्रामला इनपुट पाइपमधून येत असेल, तर एफटेल उणे १ देते. ते न तपासता पुढे एफसीक करणारा प्रोग्राम परीक्षेत पास होतो, कामावर फसतो.

सी शिकवणाऱ्यांना आमची विनंती आहे: या सत्रात एक प्रॅक्टिकल मराठी मजकुरावर घ्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे एकेका ओळीत लिहायला लावा. प्रत्येक ओळीनंतर एफटेल काय सांगेल, हे प्रोग्राम चालवण्याआधी मुलांना कागदावर मांडू द्या. आणि उणे १ ची तपासणी नसेल, तर गुण कापा.