भंगारात संगणक द्या, पण हार्ड डिस्क काढून घ्या!



आपल्या शाळेच्या कार्यालयात नाहीतर घरातल्या माळ्यावर एखादा बंद पडलेला संगणक असेलच. गेल्या काही काळात अशा संगणकांची संख्या आणखी वाढली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि जुन्या बऱ्याच संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. मग हे संगणक एक तर कोपऱ्यात जातात, नाहीतर वजनावर भंगारात. माझं म्हणणं एवढंच आहे, की डबा खुशाल द्या, पण आतली हार्ड डिस्क त्याच्यासोबत जाऊ देऊ नका. ती बाहेर काढा. चांगली असेल तर कामाला लावा आणि खराब असेल तर नीट नष्ट करा.

असं काय असतं त्या डिस्कमध्ये?

शाळेच्या संगणकात काय काय असतं ते आठवून बघा. विद्यार्थ्यांच्या याद्या, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील, जातीच्या दाखल्यांच्या स्कॅन प्रती, पालकांचे मोबाईल नंबर. शिवाय सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, वृक्षारोपणाचे फोटो. घरच्या संगणकातही पॅनकार्डापासून बाळाच्या बारशापर्यंत सगळं असतं.

"पण आम्ही सगळं डिलीट करूनच देतो," असं बरेच जण म्हणतात. इथेच गैरसमज आहे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून आतले धडे नाहीसे होतात का? हार्ड डिस्कचं तसंच असतं. फाईल डिलीट केली किंवा घाईचं 'क्विक फॉरमॅट' केलं, तर मुख्यतः अनुक्रमणिका पुसली जाते. मूळ मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही तो परत काढता येतो. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घेतली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती किलोच्या भावाने विकणं बरोबर आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारू या.

डिस्क कामाला कशी लावायची?

हे काम वाटतं तितकं अवघड नाही. लागतो एक स्क्रू ड्रायव्हर, एक केसिंग आणि थोडा निवांत वेळ.

१. आधी मापं पाहा. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते, टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची. त्या मापाचं केसिंग संगणकाच्या दुकानात मिळतं.

२. मागची जोडणी पाहा. चपट्या दोन पट्ट्या असतील तर ती साटा डिस्क. दोन ओळींत बारीक पिनाच पिना असतील तर ती जुनी आयडीई डिस्क. केसिंग त्याच प्रकारचं हवं. शंका असल्यास डिस्कचा फोटो दुकानदाराला दाखवा.

३. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या वायरवरच चालते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, म्हणून तिच्या केसिंगसोबत वेगळा अडॅप्टर येतो. तो नसेल तर डिस्क फिरणारच नाही आणि आपण उगाच तिला खराब ठरवून मोकळे होऊ.

४. संगणकाची वायर काढूनच पेटी उघडा. डिस्कला हात लावण्याआधी पेटीच्या धातूच्या भागाला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. डिस्क कडांना धरा. हिरव्या पट्टीवर बोटं नकोत.

५. डिस्क केसिंगमध्ये बसवा, यूएसबीला जोडा आणि थोडं थांबा. जुना डेटा बहुतेक वेळा सरळ दिसायला लागतो.

आता एक महत्त्वाची सूचना. जोडल्यावर पडद्यावर "डिस्क फॉरमॅट करायची का?" असा प्रश्न आला, तर 'हो' म्हणू नका! आधी आतलं काय हवंय ते ठरवा. दुसऱ्या संगणकावर जोडून पाहा. काही लॅपटॉपच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असतात, त्या ४८ अंकी किल्ली मागतात. ती किल्ली बहुधा लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालत होता, त्या खात्यात सापडते. सगळं हवं ते दुसरीकडे उतरवून घेतलं, तपासलं, की मगच फॉरमॅट करा. तेव्हा 'क्विक'समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, पण जुनी माहिती खरोखर पुसली जाते. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस निवडा, मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. फॅट-३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही आणि स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

जुन्या डिस्कवर किती विसंबायचं?

हार्ड डिस्क हे फिरतं यंत्र आहे. आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. असं यंत्र आठ-दहा वर्षं चाललं असेल तर थकलेलं असणारच. म्हणून क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तिची तब्येत आधी तपासा. 'टकटक' असा आवाज येत असेल किंवा कॉपी करताना सारखी अडकत असेल, तर तिच्यावर नवं काही ठेवू नका.

चांगली निघाली तरी ती दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरा. एकुलती एक प्रत तिच्यावर नको. जाणकार सांगतात तो नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. शाळेला आग लागली, पूर आला किंवा चोरी झाली, तर एकाच कपाटातल्या तीन प्रती एकदमच जातात. चालू डिस्क हलवू नका आणि काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. दर काही महिन्यांनी जोडून फाईली उघडतात का ते पाहायची सवय ठेवा.

"गुगल ड्राइव्ह आहे की!"

हा प्रश्न रास्त आहे. ड्राइव्ह वापराच. पण मोफत जागा १५ जीबी, तीही ई-मेल आणि फोटोंसह. दुसरी अडचण आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. खातं बहुधा एखाद्या सरांच्या किंवा मॅडमच्या वैयक्तिक ई-मेलवर असतं. बदली झाली की सर नव्या शाळेत आणि जुन्या शाळेच्या दहा वर्षांच्या आठवणी त्यांच्या खात्यात! डिस्क मात्र शाळेच्या कपाटात राहते.

कुणी म्हणेल, नवीन एक्सटर्नल डिस्कच का घेऊ नये? सादिलमध्ये बसत असेल तर जरूर घ्या, ती जास्त भरवशाची. पण लहान शाळेत खडू-झाडूपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यातच भागवायचं असतं. तिथे काहीशे रुपयांच्या केसिंगमध्ये जुनी डिस्क उपयोगी पडत असेल तर लाज कसली?

फक्त एक पथ्य पाळा. ही डिस्क शाळेची मालमत्ता आहे. संगणकाचं निर्लेखन होताना डिस्क काढून ठेवल्याची नोंद करा, डेडस्टॉक रजिस्टरला ती वेगळी दाखवा आणि डिस्कवर शाळेचं नाव व तारीख लिहा. ती कुणाच्या घरी नेऊ नका आणि मुलांची माहिती असलेल्या फोल्डरला पासवर्ड ठेवा.

जाता जाता, वर्गासाठी

५०० जीबीची डिस्क जोडली की संगणक सुमारे ४६५ जीबी दाखवतो. "सर, ३५ जीबी कुठे गेले?" असं मुलं विचारतातच. उत्तर गणितात आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १००० चा घन बाइट मोजते, विंडोज १०२४ चा घन धरते. आठवीच्या मुलांना भागाकार करायला लावा, घातांकाचा पाठ डोळ्यांसमोर उभा राहतो.

जी डिस्क पूर्ण मेली आहे, ती शिक्षकांनी स्वतः उघडून दाखवावी. आरशासारखी चकती आणि जोरदार चुंबक पाहून मुलं हरखून जातात. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती काचेची असू शकते, म्हणून ती मुलांच्या हाती नको. नंतर चकत्यांसह सगळे भाग अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

तेव्हा पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला, तर आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. वजनात शंभर-दोनशे रुपये कमी येतील, पण आपल्या मुलांची माहिती आपल्याच हातात राहील.