फळ्याला हात कोणाचा?



एल्फिन्स्टन हायस्कूलमधील तो प्रसंग आपणांस ठाऊकच आहे. गणित सोडविण्यास शिक्षकांनी भीमरावांस फळ्यापाशी बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुले ते उचलण्यास धावली. आज त्या खडूच्या फळ्याची जागा स्पर्शाने चालणारा विजेचा फळा घेऊ लागला आहे. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तशी घोषणाच झाली होती. मुले त्यावर खेळ खेळतात. चित्राखाली योग्य अक्षर बोटाने ओढून न्यावयाचे. उत्तर बरोबर आले की घंटी वाजते, गुण वाढतात. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही त्यास असे हसतखेळत अक्षर भेटत असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

परंतु तास पस्तीस मिनिटांचा, मुले चाळीस आणि फळा एक, असा हिशेब मांडून पाहा. प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिटही येत नाही. मग शिक्षक कोणास उठवितात? ज्याचे उत्तर हमखास बरोबर येईल त्यास. म्हणजे बहुधा ज्याच्या घरी असे पडदे आधीच आहेत त्यास. मागच्या बाकावरील मूल टाळ्या वाजविते आणि घरी जाते. यंत्रास बोटाची जात कळत नाही हे खरे. पण कोणाचे बोट फळ्यापर्यंत न्यावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही.

घड्याळ लावून खेळविलेल्या शर्यती तर आम्हांस मुळीच मान्य नाहीत. चूळपंथकास चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावानेच त्यास विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला. तो चोळता चोळता मळत गेला आणि पंथकास अनित्यता उमगली. तेथे घंटी असती तर तो पहिल्याच दिवशी बाद ठरला असता!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांस प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. ही जागा आपण रिकामी का ठेवावी? पुढच्या सभेस अवश्य जा. फळा किती रुपयांचा, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. आपण हे विचारा की, या महिन्यात त्यास कोणकोणत्या मुलांचा हात लागला, पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागते काय, वीज गेल्यावर तास कसा चालतो, आणि आपल्या मुलीची पाळी कोणत्या दिवशी आहे.