हात दाखवून सुलक्षण!

काय दोस्तांनो, 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. उगाच ज्योतिषापुढे हात पसरायचा आणि नको ते भविष्य ऐकून घरी यायचं, म्हणजेच आपण होऊन संकट ओढवून घ्यायचं! आज मी मात्र तुम्हाला हात दाखवायलाच सांगणार आहे. ज्योतिषाला नव्हे हं, कंपासपेटीतल्या पट्टीला. कशासाठी? तर कॉम्प्युटरचा माऊस घेण्यासाठी!

हसू नका. आधी माझ्या भाच्याची गोष्ट ऐका.

हे चिरंजीव सहावीत आहेत. वाढदिवसाची पाकिटं, आजोबांनी दिलेले खाऊचे पैसे, निकालानंतर मामाने (म्हणजे अस्मादिकांनी!) दिलेली नोट, असं करत त्याने वर्षभर एका डब्यात पैसे साठवले. आइस्क्रीमला नाही म्हटलं, पतंगाला नाही म्हटलं. आणि एके दिवशी बाबांच्या मागे लागून एक झकास गेमिंग माऊस घेऊन आला. काळा कुळकुळीत, अंगात सात रंगांचे दिवे, अंगठ्याशी बटणांची रांग, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात '२५,६०० डीपीआय'! महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता.

पुढे एकदा बहिणीचा फोन आला. "दादा, तू ये आणि याचं अक्षर बघ. लिहायला बसला की हात दुखतो म्हणतो. नाटकं नुसती!"

मी गेलो. नाटक नव्हतं. खेळताना त्याच्या शेजारी बसलो तेव्हा सगळा उलगडा झाला. माऊस त्याच्या हातात नव्हताच, त्याचा हात माऊसवर चढून बसला होता! पुढच्या चाकापर्यंत बोट पोचावं म्हणून तो पंजा पुढे सरकवायचा, की मनगट हवेत मोडल्यासारखं वाकायचं. करंगळी टेबलावर फरफटत जायची. तासभर हेच.

"अरे, मग आईला का नाही सांगितलंस?"

मान खाली. "मामा, मीच हट्ट केला होता ना. सगळे पैसे त्यातच गेलेत."

आलं लक्षात? बिचाऱ्याचं मनगट दुखत होतं, त्याहून जास्त ते साठवलेले पैसे दुखत होते. मी त्याला म्हटलं, "पट्टी आण."

तीन मापं

चला, तुम्हीही पट्टी घ्या. उजवा हात (डावखुऱ्यांनी डावा) वहीच्या कोऱ्या पानावर बोटं जुळवून सपाट ठेवा.

माप पहिलं: मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटावरच्या पहिल्या घडीपर्यंतची लांबी.

माप दुसरं: अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी.

दोन्ही लिहून ठेवा. आता एक ढोबळ हिशेब. माऊसची लांबी आपल्या हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असली, की तो बहुतेकांना बरा वाटतो. हात १८ सेंटिमीटरचा असेल तर १८ गुणिले ०.६, म्हणजे १०.८ सेंटिमीटर. जिथे माऊस धरतो तिथली रुंदीही पंजाच्या रुंदीच्या तेवढ्याच प्रमाणात धरावी. हा काही गणिताच्या पुस्तकातला नियम नव्हे बरं का! सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं. पण सुरुवात कुठून करायची, ते यावरून कळतं.

भाच्याचा हात भरला साडेपंधरा सेंटिमीटर आणि त्याचा माऊस तेरा! म्हणजे ६० टक्के कुठे नि ८४ टक्के कुठे. बाबांच्या चपला घालून शर्यतीत धावल्यासारखंच झालं की!

तिसरं माप पट्टीने मोजायचं नाही, ते डोळ्यांनी पाहायचं. आपण माऊस धरतो कसा? एखाद्या मित्राला शेजारी बसवा आणि आपण खेळात रंगलो की निरखायला सांगा. आपलं आपल्याला कळत नाही! पकडी मुख्यत्वे तीन:

तळहाताची पकड: अख्खा पंजा माऊसवर आडवा, जशी मांजर उन्हात पसरते तशी. हाताला आराम मिळतो. याला थोडा लांब आणि पाठीवर चांगला फुगीर माऊस लागतो.

पंजाची पकड: तळहाताचा मागचा भाग माऊसला टेकलेला, पण बोटं कमानीसारखी वर. तीच मांजर आता उंदरावर झेप घेण्याच्या तयारीत! बटण झटकन दाबता येतं. मध्यम लांबीचा, मागच्या बाजूला उंचवटा असलेला माऊस बरा.

बोटांची पकड: तळहात टेकतच नाही, फक्त बोटांची टोकं माऊसला लागतात. छोटा, बसका आणि हलका माऊस हवा.

यातली कुठलीही पकड चूक नाही. आपली कोणती, एवढंच ओळखायचं.

वजन किती?

'जड म्हणजे दणकट' असं आजही पुष्कळांना वाटतं. आता आकडे पाहा. लॉजिटेकचा जी ५०२ हिरो या माऊसचं वजन १२१ ग्रॅम, त्याच कंपनीच्या छोट्या जी १०२ चं ८५ ग्रॅम आणि स्पर्धांत खेळणाऱ्यांच्या आवडत्या जी प्रो एक्स सुपरलाइटचं अवघं ६३ ग्रॅम! पहिला तिसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. खेळताना आपण माऊस शेकडो वेळा सरकवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. मग कोवळ्या मनगटाला कोणता झेपेल?

सचिन तेंडुलकर जड बॅटने खेळायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ती बॅट हातात दिली, तर आपल्याला त्याचा स्ट्रेट ड्राइव्ह जमणार आहे का? ती त्याला जमली होती. तुमची बॅट तुम्हाला जमायला हवी.

२५,६०० चं गौडबंगाल

आता खोक्यावरच्या त्या मोठ्ठ्या आकड्याकडे वळू. माऊसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून आपण किती सरकलो ते ओळखतो. एक इंच सरकल्यावर तो किती पावलं मोजतो, तो आकडा म्हणजे डीपीआय.

चला, एक गणित करू. तुमचा पडदा १९२० ठिपके रुंद आहे आणि कॉम्प्युटरमधली माऊसच्या वेगाची पट्टी मधोमध ठेवली आहे. ८०० डीपीआय असेल, तर या टोकापासून त्या टोकाला जायला माऊस १९२० भागिले ८००, म्हणजे २.४ इंच, साधारण सहा सेंटिमीटर सरकवावा लागेल. १६०० ला तीन सेंटिमीटर. आणि २५,६०० ला? दोन मिलिमीटरसुद्धा नाही! तिळाएवढा हात हलला की बाण पडद्याच्या पार. अशाने नेम कसा धरणार? म्हणून कसलेले खेळाडूही बहुधा ४०० ते १६०० च्या आसपास राहतात. वरचे हजारो डीपीआय पेटीतच पडून राहतात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे कशाला?

विंडोजमध्ये माऊसच्या रकान्यात 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी एक खूण असते. ती चालू असली, की हात किती वेगाने हलला यावर बाणाची उडी बदलते. नेमबाजीच्या खेळासाठी ती काढून पाहा. हाताला अंतराची सवय लागते. यात एक पैसाही खर्च नाही!

तुम्ही खेळता काय?

हात झाला, आता खेळ. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळांत हलका माऊस आणि मोठा पॅड लागतो, कारण तिथे मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवलेला चांगला. (हे खेळ मोठ्या मुलांसाठी आहेत. वयाची खूण आई-बाबांना दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही!)

एज ऑफ एम्पायर्ससारख्या डावपेचांच्या खेळात सैनिक निवडा, पाठवा, पुन्हा निवडा, असं क्लिकवर क्लिक चालतं. तिथे बटण मऊ हवं आणि पकड आरामाची. माइनक्राफ्टमध्ये दगड फोडताना डावं बटण दाबूनच धरावं लागतं. कडक बटण असेल, तर बोट लगेच भरून येतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळात मंत्र आणि शस्त्रं ढीगभर. त्यासाठी रेझर कंपनीने २००९ साली नागा नावाचा माऊस काढला, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला तब्बल १२ बटणं! पण अंगठा शेवटच्या बटणापर्यंत पोचत नसेल, तर ती बारा बटणं काय कामाची? एरवी अंगठ्याशी दोन बटणं पुष्कळ झाली.

आणि बुद्धिबळ किंवा पत्ते खेळत असाल, तर घरातला साधा माऊसच राजा! २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ म्हणून होते. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने ब्राँझपदक पटकावलं. खेळ होता हार्थस्टोन, म्हणजे पत्त्यांचा! तिथे हाताच्या वेगापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं.

डावखुऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला मी विसरलो नाही. पुष्कळसे माऊस उजव्या हातासाठी एका बाजूला झुकलेले असतात. तुम्ही दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घ्या. पण बाजूची जादा बटणं कुठे आहेत तेही बघा. ती फक्त डाव्या अंगाला असली, तर तुमच्या अंगठ्याला मिळणार नाहीत. मुख्य दोन बटणांची अदलाबदल मात्र कॉम्प्युटरमधून करता येते.

करून पाहा

दुकानदार खोकं उघडू देत नाही? हरकत नाही. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती उतरवून आणा आणि शाडूच्या मातीचा तेवढाच माऊस बनवा! गणपतीचं वाहन आपण करतोच की. सुकला की हातात धरून पाच मिनिटं टेबलावर फिरवा. बोटांची टोकं बटणांच्या जागी आरामात पडतात ना? करंगळी घासत नाही ना? मनगट सरळ राहतं ना? तीनदा 'हो' आलं, तरच पैशांच्या डब्याला हात लावा.

आणि मातीचा माऊस म्हणून हसू नका बरं. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली जगातला पहिला माऊस तयार झाला, तेव्हा त्याचं अंग चक्क लाकडाचं होतं! खाली दोन चाकं आणि वर एकच बटण.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाने 'हात दुखतो' म्हटलं, तर ते लगेच नाटक समजू नका. एकदा शेजारी बसून तो कसा खेळतो ते पाहा. टेबल उंच असेल, तर बसायला उशी द्या, कोपर टेबलाच्या पातळीत येऊ द्या. अर्ध्या तासाने उठायला लावा. दुखणं राहिलं किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. नवा माऊस हे त्यावरचं औषध नव्हे.

हो, भाच्याचं पुढे काय झालं ते राहिलंच! डॉक्टरांनी हात तपासला आणि माऊसला काही दिवस सुट्टी दिली. त्या सुट्टीत आम्ही घरातल्या सगळ्यांचे हात मोजले. बाबांचा हात निघाला वीस सेंटिमीटर! त्यांनी तो काळा माऊस धरून पाहिला आणि म्हणाले, "अरे वा, हा तर माझ्याच मापाचा." दिवसभर हिशेबाचं काम करणाऱ्या बाबांना तो इतका आवडला, की त्यांनी चिरंजीवांकडून तो रीतसर विकत घेतला. पावतीसुद्धा झाली!

आता भाच्याच्या हातात बाबांचा जुना, छोटा, बिनदिव्यांचा माऊस आहे. डब्यात पैसे परत आलेत. परवा मला म्हणतो, "मामा, हात अजून वाढतोय. पुढच्या वर्षी मोजू, मगच ठरवू."

बघा, आहे की नाही हात दाखवून सुलक्षण?

तर मग दोस्तांनो, घरातल्या सगळ्यांचे हात मोजून टाका. आजीचासुद्धा हं! आणि कोणाचं माप किती भरलं, ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.